टाच धरली तर बोर्ड ऐकतो : बूट आणि बाइंडिंगच्या तीन जोड्या वापरून

भाच्याने स्नोबोर्डच्या, म्हणजे बर्फावरून उभ्याने घसरायच्या फळीच्या, बाइंडिंगचे दोन फोटो पाठवले. बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला पट्ट्यांनी बांधून ठेवतं ते. एक काळं बाइंडिंग, एक हिरवं, आणि खाली प्रश्न : "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" मी विचारलं, बूट कुठले घेतलेस? उत्तर आलं, "बूट नंतर बघतो. आधी हे ठरू दे."

सहा हिवाळ्यांपूर्वी मीही ह्याच क्रमाने गेले होते आणि त्याची फळं डाव्या पोटरीने आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने भोगली. त्याला फोनवर समजवायला बसले तर पाऊण तास बोलूनही अर्धं राहिलं. म्हणून लिहूनच काढते आहे.

रिव्ह्यू तीन जोड्यांचा आहे. सुटं बाइंडिंग चांगलं की वाईट हे मला आजही सांगता येणार नाही; ते कुठल्या बुटाला धरून आहे ते सांगा, मग बोलू. माझ्याकडच्या जोड्यांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मॉडेलं दर हंगामाला बदलतात, आणि मला जे चावलं ते तुम्हाला चावेलच असं नाही.

माझी मापं मात्र सांगते, त्याशिवाय पुढचं सगळं वाऱ्यावर. डावं पाऊल २४.८ सेंटिमीटर, उजवं २४.५. टाच अरुंद, चवडा पसरट. उंची १६१. बोर्ड १४६ सेंटिमीटरचा, मधली रुंदी २४० मिलिमीटर. डावा पाय पुढे. आतापर्यंत बर्फावर ऐंशी-नव्वद दिवस झाले असतील. तासलेल्या उतारावर वळणं घेत खाली येणं हा माझा मुख्य धंदा, ताजा बर्फ पडला तर झाडांच्या कडेने थोडी मुशाफिरी. उड्या आणि लोखंडी कठड्यांच्या वाटेला मी जात नाही.

पहिली जोडी : एकाकडून जुनं पुरुषांचं मध्यम मापाचं बाइंडिंग घेतलं, आणि बूट घेतले २६ चे. २६ का? रोजचे पळायचे बूट जरा ऐसपैस घेते, तसेच हेही. शिवाय थंडी, म्हणजे दोन जोड मोजे घालावे लागणार, असा माझा हिशेब. हिशेब पक्का, फक्त उत्तर चूक.

स्नोबोर्डच्या बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरमध्ये जो आकडा असतो तो मोंडोपॉइंट, म्हणजे तो बूट किती लांबीच्या पावलासाठी केला आहे ते. बुटाच्या आतल्या पोकळीची ती लांबी नव्हे. त्यामुळे "पाऊल २४.८, म्हणजे बोटांना जागा राहावी म्हणून २६" हा हिशेब जागा दोनदा मोजतो. जागा कंपनीने आधीच धरलेली असते. वर लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, दहा-बारा दिवस वापरला की दबतो आणि साधारण अर्ध्या मापाने सैलावतो. माझा २६ चा बूट महिन्याभरात पोत्यासारखा झाला. आत माझी टाच प्रत्येक वळणाला बोटभर वर यायची.

ही टाच वर येणं म्हणजे काय ते बर्फावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, पण प्रयत्न करते. चवड्याच्या कडेवर, म्हणजे बोर्डाच्या बोटांकडच्या धारेवर, जायचं असेल तर तुम्ही गुडघा पुढे ढकलता, नडगी बुटाच्या जिभेवर रेलते, आणि टाचेने बाइंडिंगला वर ओढून बोर्ड तिरपा करायचा असतो. टाच बुटात सैल असेल तर आधी नुसती टाच वर जाते, मग बूट तिच्या मागे, मग पट्टा, आणि शेवटी बोर्ड. तुम्ही वळण मागितलं आणि ते मिळालं यांच्यामध्ये अर्धा क्षण जातो. त्या अर्ध्या क्षणात मी समोरच्या कुंपणाशी ओळख करून घ्यायचे. उपाय म्हणून बाइंडिंगचा घोट्यावरचा पट्टा आणखी आवळायचे. चूक बुटाची, शिक्षा पट्ट्याला. पाय बधिर व्हायचा आणि टाच तरीही वर यायचीच, कारण बाइंडिंगचा पट्टा बुटाला धरतो. पायाला धरायचं काम बुटाचं.

हे एक वाक्य कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

दोन जोड मोज्यांचं तर काय सांगावं. आतला मोजा बाहेरच्यात गोळा होतो, त्या सुरकुतीखाली फोड येतो, आणि रक्त नीट फिरत नाही म्हणून पाय उलट जास्त गार पडतात. एकच, गुडघ्यापर्यंतचा, पातळसर लोकरीचा मोजा. पॅंटचं टोक किंवा आतल्या कपड्याची शिवण बुटात जाऊ द्यायची नाही. एवढं पुरतं.

आता त्या पहिल्या बाइंडिंगकडे. बेसप्लेटमध्ये, म्हणजे बूट ज्यावर टेकतो त्या तळात, माझा बूट डाव्या-उजव्या बाजूला हलायचा, दोन्हीकडे करंगळी जाईल एवढी फट. पट्ट्याची दातेरी पट्टी शेवटच्या दातापर्यंत ओढली तरी ढिली. आणि मागे पोटरीला टेकणारी उभी पाठ, तिला सगळे हायबॅक म्हणतात, ती माझ्या पोटरीत थेट रुतायची. बायकांच्या पोटरीचा स्नायू बहुधा जरा खालपर्यंत येतो, त्यामुळे बायकांसाठीच्या बाइंडिंगमध्ये हायबॅक थोडा बुटका किंवा वरच्या टोकाला बाहेर वळलेला असतो. मला वाटायचं की "बायकांचं" म्हणजे रंग फिके आणि वर फुलं. चौथ्या दिवशी पोटरीवर उमटलेली आडवी निळी रेघ बघून मत बदललं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्या बाइंडिंगची डिस्क. बेसप्लेटच्या मधोमध जी गोल चकती असते, जिच्यातून स्क्रू बोर्डात जातात, ती डिस्क. बोर्डावरची भोकं सगळीकडे सारखी नसतात. बहुतेक बोर्डांवर चार सेंटिमीटर अंतराच्या चौकोनात भोकं असतात, किंवा तीच रचना दोन-दोन सेंटिमीटरवर, म्हणजे पाय जवळ-लांब करायला जास्त पर्याय. बर्टनच्या बोर्डांवर मात्र लांब खाच असते, तिला चॅनल म्हणतात, त्यात दोन स्क्रू सरकवून हवे तिथे बसवता येतात. त्यांचेच जुने बोर्ड तीन भोकांच्या त्रिकोणाचे. माझा बोर्ड चॅनलचा, आणि जुन्या बाइंडिंगची डिस्क फक्त चार भोकांची. हल्लीच्या बऱ्याच डिस्कांमध्ये दोन्हीची सोय असते, पण ही हल्लीची नव्हती. दुसऱ्या कंपनीची डिस्क चालेल का? नाही. चकतीचा व्यास आणि कडेचे दाते ज्याचे त्याला. त्याच कंपनीची चॅनलवाली डिस्क मिळेपर्यंत तीन आठवडे बोर्ड भिंतीला टेकून उभा. बर्टनमध्येही एक मेख आहे : त्यांची ईएसटी नावाची बाइंडिंगं फक्त चॅनलवरच बसतात, री-फ्लेक्स नावाची सगळ्यांवर. जुनं काही घेणाऱ्याने हे आधी बघावं, रंग मग.

या जोडीला पाचपैकी एक. तो एकही बुटाच्या नाड्यांना, त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत टिकल्या.

तिसऱ्या हंगामाच्या आधी बूट नीट घेतले, आणि खरं सांगायचं तर पुढची सगळी सुधारणा तिथूनच झाली. संध्याकाळी, पाय दिवसभराचे थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहिले, आणि सगळ्यात लांब बोटापाशी पेन्सिल सरळ उभी धरून खूण केली. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, माझ्या उजव्या पायाचं दुसरं आहे. दोन्ही पाय मोजले, मोठा धरला : २४.८. म्हणजे २५. साडेपंचवीस नव्हे.

२५ चे चार वेगवेगळे बूट घालून बघितले. पहिल्या दोनांत टाच उचलत होती, तिसऱ्यात चवडा चिमटत होता. चौथा घातला, आवळला, आणि अर्धा तास तसाच घालून खोलीभर फिरले. ताठ उभं राहिल्यावर बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला आतून हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की टाच मागे बसून बोटं तिथून किंचित सुटली पाहिजेत. मग चवड्यावर उभं राहायचं, पायरीच्या कडेवर उभं राहिलं तर उत्तम, आणि बघायचं टाच उठते का. ह्या बुटात माझी टाच जागची हलली नाही. मला हसूच फुटलं. दोन हंगाम जे पट्ट्याकडे मागत होते ते बुटाने मुकाट्याने दिलं.

पहिले चार-पाच दिवस हा बूट घट्ट वाटला. वाटायलाच हवा. लायनर गरम करून पायावर बसवून घेता येतो, तो करून घेतला. नंतर घोट्याच्या बाजूला लायनरवर जे-बार चिकटवले. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे फोमचे तुकडे असतात, घोट्याच्या हाडाखालची पोकळी भरतात आणि टाच खाली दाबून धरतात. अरुंद टाचेच्या माणसाला याच्यासारखा स्वस्त आणि गुणी उपाय नाही. बूट बदलायच्या आधी हे करून बघा, हे माझं अगदी आग्रहाचं मत.

नाड्यांबद्दल थोडक्यात. साध्या नाड्या कुठेही मिळतात आणि हवं तिथे हवं तेवढं आवळता येतं, पण गारठलेल्या बोटांनी बांधणं जिवावर येतं. दोरी ओढायची पद्धत सगळ्यात झटपट. माझ्या बुटाला बोआच्या दोन चकत्या आहेत, पोलादी तार गुंडाळणाऱ्या, २००१ पासून आलेला प्रकार. एक चकती फक्त घोटा आणि टाच आवळते, दुसरी बाकीचा बूट. एकच चकती असलेल्या बुटात घोटा घट्ट करायला गेलं की चवडाही आवळला जातो, ते माझ्या पसरट पायाला परवडत नाही. दोन असतील तर घ्या. बाकी ही आवडीची गोष्ट.

तर बूट असा छान, आणि मग मी दुसरी चूक केली. डोंगरावर ओळख झालेला एकजण बाणासारखा खाली यायचा. त्याने सांगितलं, बाइंडिंग घ्यायचं तर कडकच घ्यायचं. मी घेतलं. दहापैकी आठ कडकपणाचं, आणि लहान मापाचं, कारण तक्त्यात माझा बूट लहान आणि मध्यम यांच्या बरोबर सीमेवर होता आणि पहिल्या सैल बाइंडिंगने मला पोळलं होतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, ते हे.

कडकपणाचे एक ते दहा हे आकडे प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने देते. एकीचा सहा दुसरीचा चारही असू शकतो. तरी अंदाज म्हणून घ्यायला हरकत नाही, आणि बूट आणि बाइंडिंग यांचे आकडे एकमेकांच्या आसपास असावेत एवढं धरून चालावं. माझा बूट पाचचा. आठच्या बाइंडिंगचा घोट्याचा पट्टा जाड, ताठ, कडक बुटावर जोर पसरवण्यासाठी केलेला. माझ्या मऊ बुटावर तो एका रेषेत बसायचा आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर बूट आत दबायचा. चौथ्या फेरीला पाय झोपलेला. चेअरलिफ्टवर बसून पट्टा सोडून बोटं हलवत बसायचे. हायबॅक म्हणजे भिंत. घोटा जरा हलला की बोर्डाने लगेच ऐकलं, न सांगितलेलंही ऐकलं. वेगात, कठीण बर्फावर, मनात स्पष्ट वळण असणाऱ्या माणसाला हे हवंच असतं. मला दुपारी पाय थकल्यावर ते नको असायचं, कारण थकलेला पाय बरळतो आणि कडक बाइंडिंग त्याचं बरळणंही बोर्डापर्यंत पोचवतं. तीन वेळा टाचेच्या कडेवर अडकून पाठीवर आपटले.

उलटी जोडी, म्हणजे कडक बूट आणि मऊ बाइंडिंग, मी स्वतः वापरलेली नाही, पण माझी मैत्रीण त्यात होती. तिच्या बाबतीत बूट जोर लावायचा आणि बेसप्लेट, हायबॅक पिळवटायचे. मधल्या मध्ये जोर जिरून जायचा. तिने बाइंडिंग बदललं, बूट ठेवले. क्रम बरोबर.

मापाची गंमत वेगळीच. लहान मापाच्या बाइंडिंगमध्ये बुटाच्या बाजू टाचेच्या कमानीत, म्हणजे बाइंडिंगच्या मागे टाचेला वळसा घालणाऱ्या कड्यात, अडकायच्या. वरून पाहिलं तर बूट बसल्यासारखा दिसे, पण टाच अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुढेच थांबलेली. म्हणजे पुढचं टोक तेवढंच बोर्डाबाहेर. बूट बोर्डाच्या दोन्ही कडांवरून एक-दोन सेंटिमीटर बाहेर असणं चांगलंच, त्यानेच कडेवर जोर मिळतो. पण पुढे-मागे ते सारखं हवं. माझं पुढे जवळपास तीन, मागे शून्याच्या आसपास. एका सकाळी कठीण बर्फावर चवड्याच्या कडेवर जरा खोल वळण घेतलं, बुटाचं टोक बर्फात घासलं, कड उचलली गेली आणि मी पोटावर पन्नास पावलं घसरत गेले. उठून आधी बोर्डाला शिव्या दिल्या. त्याचा काहीच दोष नव्हता.

ओघात सांगते : स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही, पाय अडकलेलाच राहतो. घोट्याच्या आतल्या टॅलस नावाच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाचा अस्थिभंग इतका ह्या खेळाशी जोडलेला आहे की डॉक्टर त्याला स्नोबोर्डरचं फ्रॅक्चर म्हणतात, आणि तो सहज मुरगळणं समजून सोडून दिला जातो. पडल्यावर घोट्याची बाहेरची बाजू दुखत राहिली तर "मुरगळलंय" म्हणून हळद लावून बसू नका.

या दुसऱ्या जोडीला सुटे सुटे गुण : बुटाला साडेचार, बाइंडिंगला त्याच्या जागी चार, दोघांच्या संसाराला दोन.

तिसरी जोडी म्हणजे तेच बूट आणि बायकांचं मध्यम मापाचं, पाचच्या आसपासच्या कडकपणाचं साधं दोन पट्ट्यांचं बाइंडिंग. हे चौथ्या हंगामात आणलं आणि अजून तेच आहे. ह्यावेळी बूट पिशवीत घालून सोबत नेले. विकणाऱ्याने तक्ता दाखवला, मी बूट काढून बाइंडिंगमध्ये ठेवला. टाच कमानीत पूर्ण मागे बसली, बाजूला फट नाही, दातेरी पट्टी दोन्ही पट्ट्यांवर साधारण मध्यापर्यंत आली. मध्यापर्यंत येणं महत्त्वाचं. पहिल्या किंवा शेवटच्या दातावर भागत असेल तर एक तर माप चुकलंय, नाही तर पट्ट्याची लांबी बदलायची राहिलीय; ती बहुतेक बाइंडिंगांवर बदलता येते.

घरी आणून जमिनीवर पसरलं आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. माझ्या मते बाइंडिंग विकत घेणं हे अर्धंच काम, उरलेलं ह्या संध्याकाळी होतं आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. आधी बूट बाइंडिंगमध्ये घट्ट बांधून बोर्डावर नुसता ठेवला आणि पुढे-मागे किती बाहेर येतो ते मोजलं. टाचेची कमान एक भोक मागे सरकवली. पुढे दीड, मागे सव्वा. चालेल. ज्यांची कमान सरकत नाही त्यांनी चार भोकांच्या बोर्डावर डिस्क आडवी फिरवून बसवावी, म्हणजे तिच्यातल्या भोकांची ओळ कडेपासून कडेकडे जाते आणि बूट मधोमध आणता येतो; उभी बसवली तर त्याच भोकांनी दोन पायांतलं अंतर बारीक बदलतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

मग बोटांखालचा उतार, तो पुढे सरकवून बुटाच्या तळाच्या टोकापर्यंत आणला, त्याच्याबाहेर नाही. घोट्याचा पट्टा पायाच्या वरच्या उंचवट्याच्या मधोमध. पुढचा पट्टा बोटांच्या वरून न घेता बुटाच्या नाकावर टोपीसारखा. त्याने बूट मागे कमानीत ढकलला जातो. माझ्या पहिल्या बाइंडिंगवर हा पट्टा मी दोन हंगाम वरूनच बांधत होते. कोणी सांगितलंच नाही, आणि विचारायचं असतं हे मला सुचलं नाही.

बाइंडिंगचा कोन पुढच्या पायाला १५ अंश, मागच्याला उलट दिशेने ६. पंधरा-पंधरा उलटसुलट करून बघितलं होतं, मागच्या गुडघ्याने तक्रार केली. दोन पायांतलं अंतर पन्नास सेंटिमीटर. बाइंडिंग तिरपं बसलं की हायबॅकही तिरपा होतो, म्हणून तो फिरवून बोर्डाच्या टाचेकडच्या कडेला समांतर आणला. हायबॅकचा पुढचा कल पहिल्या दिवशी शून्य ठेवला, नंतर एक खाच वाढवली. कल वाढवला की गुडघे आपोआप वाकलेले राहतात आणि टाचेचं वळण लवकर मिळतं, पण जास्त केला तर दुपारपर्यंत मांड्या पेटतात.

स्क्रू सहा मिलिमीटरचे, त्यांना तीन नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर लागतो. घरातला नेहमीचा दोन नंबरचा घेतला तर डोकं झिजतं. स्क्रू बाइंडिंगसोबत आलेलेच वापरा, लांब घातले तर बोर्डाच्या तळाला खालून फुगवटा येतो. आणि दोन फेऱ्यांनी पुन्हा आवळा. मी पहिल्या दिवशी उत्साहात ते विसरले. पाचव्या फेरीला उतारावर मधोमध मागचं बाइंडिंग डिस्कभोवती गरकन फिरलं, डावा पाय एकीकडे बघतोय, उजवा तिसरीकडे. बसून, हातमोजे दातात धरून, खिशातल्या पेचकसाने आवळलं. तेव्हापासून पेचकस खिशात असतोच, आणि चार जादा स्क्रू आणि एक दातेरी पट्टीही. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ताठ होतं, आणि तुटायचं झालं तर ते पट्टीचं टोकच तुटतं.

पण वळणं! पहिल्या सकाळच्या तिसऱ्या फेरीत मला कळलं की मी पायांचा विचारच करत नाहीये. पट्टा पूर्वीच्या निम्म्या जोराने बांधलेला, तरी टाच जागच्या जागी. चवड्यावर रेलले की बोर्ड लगेच तिरपा. पाय झोपला नाही. लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणतात तसा हा बूट आणि हे बाइंडिंग. कागदावर दोघंही मध्यमवर्गीय, कुठलाच आकडा मिरवण्यासारखा नाही.

तक्रारी आहेत. तळव्याखालचा फोम चाळीसेक दिवसांत बसला, आता उंचसखल जागी धक्के पूर्वीपेक्षा जास्त लागतात. ओला बर्फ असेल तर नाकावरचा पट्टा वर सरकतो आणि अधूनमधून पुन्हा बसवावा लागतो. उजव्या पट्ट्याचं रॅचेट, म्हणजे दातेरी पट्टी पकडणारा खटका, बर्फ भरला की दोनदा झटकल्याशिवाय सुटत नाही. पाचपैकी चार, आणि बुटासकट धरलं तर साडेचार.

भाचा विचारणारच, म्हणून पट्टे नसलेल्या प्रकाराबद्दलही. मैत्रिणीचं बर्टनचं स्टेप ऑन मी दोन दिवस चालवलं. २०१७ साली बाजारात आलेली ही पद्धत : बुटाच्या टाचेला एक आणि चवड्याच्या दोन बाजूंना एकेक असे तीन ठिकाणी आकडे, उभ्या उभ्या पाय टाकला की टक्‌ करून अडकतो, बाहेरच्या बाजूची कळ उचलली की सुटतो. तिचे बूट मला अर्ध्या मापाने मोठे होते, त्यामुळे पकडीबद्दल न्याय करत नाही. लिफ्टवरून उतरून बर्फात बूड न टेकवता निघून जाण्याचं सुख मात्र खरं आहे, चाळिशीच्या कंबरेला तर फारच. नव्वदच्या दशकातही असे पाय टाकून अडकवायचे प्रकार होते, शिमानो आणि के-टूचं क्लिकर वगैरे; तळाला धातूचा आकडा, त्याखाली बर्फ साचायचा, आणि आधार सगळा बुटातच भरायचा म्हणून बूट ताठ. ते मागे पडले. हल्लीचे त्यामानाने पुष्कळ शहाणे.

तरी मी बदललं नाही, कारण स्टेप ऑनला त्याच पद्धतीचे बूट लागतात. परवाना घेऊन इतर काही कंपन्याही ते बनवतात, म्हणजे अगदीच एका दुकानाला बांधलेले नाही, पण निवड अरुंद होते. माझ्या टाचेला चार बुटांतून एक सापडला आहे, तो सोडवत नाही. ज्यांना त्यातला बूट पहिल्या घालण्यात बसेल त्यांनी खुशाल घ्यावं. मागून हायबॅक पाडून पाय आत सरकवायचं फ्लोचं बाइंडिंग किंवा नायडेकरचं सुपरमॅटिक साध्या बुटांबरोबर चालतं, त्यामुळे बूट आधीच ठरलेल्या माणसाला ती वाट जास्त सोयीची.

आणि एवढ्या कटकटीचा कंटाळा आला तर १९६५ चा स्नर्फर आठवावा. स्नोबोर्डचा आजोबा. त्याला बाइंडिंगच नव्हतं, पुढच्या टोकाला एक दोरी, ती धरून उभं राहायचं. पट्टे आले ते पुढे, आणि पोटरीमागचा हायबॅक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याचं श्रेय जेफ ग्रेल यांना देतात. हायबॅक आल्यावरच कठीण बर्फावर टाचेच्या कडेने नीट वळता येऊ लागलं. म्हणजे टाचेच्या ह्या भानगडीत पडलेली मी काही पहिली नाही.

भाच्याला म्हटलं, काळं-हिरवं राहू दे, आधी कागदावर पाऊल काढून सेंटिमीटरमध्ये माप पाठव, दोन्ही पायांचं, संध्याकाळचं. काल रात्री फोटो आला. मोजा घालूनच पाऊल काढलंय, आणि पेन्सिल तिरकी धरल्यामुळे डावं पाऊल उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर मोठं आलंय. पुन्हा काढायला सांगितलं आहे.